कड्यावरची कुंभारीण

कड्याच्या गं पोटामंदी झुले बहिणीचं कुंकू,
दोर म्हणे हाताला, दादा, नको नको थकू…

हे गाणं सगुणाच्या कानात होतं, पण पुरतं नव्हतं. 'दादा'पाशी ते तुटायचं. 'दादा' म्हणणारा तो भरदार आवाज मध्येच गिळल्यासारखा व्हायचा, मग काळोख, मग ओल्या लोकरीचा वास. तेव्हा ती चारेक वर्षांची असेल. आई सांगायची, "तू खाली झऱ्यापाशी माझ्या मांडीवर व्हतीस. माशा उठल्या तशी मी तुला घोंगडीत गुंडाळली." सगुणा ते मानत आली होती. कड्यावरून झऱ्यापर्यंत आलेलं गाणं, भिंतीला कान लावून ऐकावं इतकं जवळचं कसं आठवतं, हा प्रश्न तिला कधीमधी पडायचा. पण आठवणींचा काही भरवसा नसतो, हे तिला शास्त्र शिकल्यावर पटलं होतं.

गाणं मामाचं होतं. बुधामामाचं.

उंबरकड्याच्या लोकांची रीत अशी की आग्या मोहोळ काढायला माणूस कड्याच्या पोटाशी उतरला, की वर दोर धरायला त्याच्या बायकोचा भाऊच हवा. सख्खा भाऊ चालत नसे. जमिनीच्या वाटणीच्या लोभानं त्याचा हात हलायचा. बायकोच्या भावाचा हात हलत नाही, कारण दोराच्या खालच्या टोकाला त्याच्या बहिणीचं कुंकू लोंबत असतं. दोर झाडाच्या बुंध्याला एक वेढा घेऊन मेहुण्याच्या मुठीत यायचा. मेहुणा पाय रोवून बसायचा आणि गात राहायचा. गाणं चालू म्हणजे तो शुद्धीत आहे, हे खालच्याला कळायचं. माशांनी अंगाची चाळण केली तरी मूठ उघडायची नाही. कड्याच्या डोक्यावर दुसरं कुणी थांबायचं नाही. बायकांना तर तिथं मज्जावच होता. तिथले नियमही त्यांना कुणी सांगत नसे.

त्या वैशाखात माशा उठल्या, गाणं तुटलं आणि दोर सुटला. सगुणाचा बाप चिंधू खालच्या कातळावर पडला. सुजून ओळखू न येणारा बुधामामा पंचांपुढे उभा राहिला आणि एवढंच बोलला, "मी भ्यालो."

त्यानंतर त्याला कुणी दोर दिला नाही, कुणी मुलगी दिली नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. तो विधवा बहिणीच्या दारी राहिला, तिचं शेत केलं, भाचीला खांद्यावर बसवून तालुक्याच्या शाळेत नेलं. ती मोठी झाली तशी खांद्यावरून उतरली, आणि पुढे त्याच्याशी बोलायचीही थांबली. दहावीच्या निकालाचे पेढे वाटताना तिनं त्याच्या हातावर पेढा ठेवला नाही. पाटावर ठेवला. त्यानं तो उचलून कपाळाला लावला आणि खाल्ला.

आता कड्यावर ड्रोन जातात. त्यांना मेहुणा लागत नाही.

*

ज्या कड्यानं बाप गिळला, त्याच कड्यावरच्या दोन किड्यांवर सगुणानं डॉक्टरेट केली. एकाच उन्हात, एकाच कातळावर राहणारे दोन जीव; पण स्वभावानं इतके वेगळे, की एकाच देवानं दोघांना घडवलं म्हणवत नाही.

पहिली आग्यामाशी. तिचं घर उघडं. परातीएवढं मोहोळ कड्याला लोंबतं, ना दार, ना भिंत. माशांचे अंगावर अंग टाकलेले थर, हीच भिंत. एक माशी डसली की तिचा काटा आतड्यासकट तुटून राहतो आणि ती मरते. पण मरता मरता ती एक वास सोडते, अगदी पिकल्या केळ्याचा. तो वास म्हणजे हाक. तो आला की हजारो माशा एका अंगानं उठतात. म्हणून तर मोहोळवाले कड्यावर कधी केळं नेत नसत. आग्यामाशी एकटी अशी नसतेच. तिचं मरणसुद्धा दुसऱ्यासाठी असतं.

दुसरी कुंभारीण. ही गांधीलमाशीची चुलत बहीण, बारीक कमरेची, कायम एकटी. ओल्या मातीचं बोराएवढं मडकं करते, त्याला सुबक गळा काढते. मग एक अळी धरून आणते, डसते, मडक्यात ठेवते, वर आपलं एक अंडं टांगते आणि तोंड लिंपून उडून जाते. सगुणाची आई सांगायची, कुंभारीण मडक्यापाशी बसून अळीला गाणं म्हणते, आणि ऐकून ऐकून अळीचीच कुंभारीण होते. सगुणानं पहिल्यांदा भिंगाखाली मडकं फोडलं तेव्हा तिला खरं काय ते दिसलं. अळीची कुंभारीण होत नव्हती. कुंभारणीचं पिल्लू अळीला जिवंत खात होतं. आधी चरबी, मग स्नायू, आणि ज्यांच्यावाचून अळी मरेल ते अवयव अगदी शेवटी. मांस ताजं राहावं म्हणून.

उंबरकड्याच्या कुंभारणीच्या विषात एक वेगळीच करामत निघाली. तिनं डसलेली अळी लुळी पडत नाही. ढकलली तर चालते, तोंडाशी पान धरलं तर खाते. फक्त स्वतःहून काही सुरू करत नाही. प्रत्येक जिवाच्या मेंदूत 'चल, ऊठ' म्हणणारं एक रसायन असतं. हे विष नेमकी त्याचीच वाट अडवतं. आणि आग्यामाशीचा तो वास नेमकी तीच वाट उघडतो. डसलेल्या अळीपाशी सगुणानं तो वास धरला, तेव्हा अळी दचकून चालू लागली होती. एक किडा निजवतो, दुसरा उठवतो. एका कड्यावर कुलूप आणि किल्ली.

कुलूप आधी विकलं गेलं. एका औषध कंपनीनं त्या विषावरून माणसांसाठी कानामागं लावायची पट्टी काढली. नाव ठेवलं 'निवांत'. विसरभोळी म्हातारी माणसं घराबाहेर भटकतात, ओरडतात, चूल पेटती ठेवतात. पट्टी लावली की बसवलं तिथं बसतात. शहरांत घरोघरी आजीआजोबा खुर्च्यांवर शांत बसू लागले. मुलं कामाला जाऊ लागली. सगुणाचं नाव झालं.

*

आईचा फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी.

"सगुणे, तुझ्या त्या पट्ट्या घेऊन ये. बुधाचं डोस्कं फिरलंय."

सगुणा गेली. बुधामामा अंगणात उभा होता, वाळलेल्या शेंगेसारखा वाकलेला, खांद्यावर तीच जुनी घोंगडी, हातात गुरांचा दोर. रोज उठून तो कड्याकडे निघत होता, बहीण त्याला धरून आणत होती.

त्यानं सगुणाला पाहिलं आणि त्याचे डोळे घाबरे झाले. "टाक, पोरी," तो म्हणाला. "टाक ते. लांब टाक!"

"काय टाकू, मामा?" तिच्या हातात नुसती पिशवी होती.

"काही न्हाई गं, बरळतंय." आई, ठकूबाई, घाईनं मध्ये आली आणि तिनं भावाचं तोंड पदरानं पुसलं, पुसलं असं नाही, दाबलंच. "रातंदिवस हेच. शेजारीपाजारी ऐकत्यात. आधी याचं तोंड मिटव. पायांचं बघू मागनं."

"तोंडाचा काय त्रास आहे, आये? भटकण्याचा आहे ना?"

"तुला ऱ्हावं लागतंय का हितं त्याच्यासंगं? लाव म्हणते तर लाव."

सगुणानं मामाला बाजेवर बसवलं. त्याच्या कानामागची कातडी केळीच्या सोपटासारखी गार होती. कित्येक वर्षांत तिनं त्याला हात लावला नव्हता. पट्टी दाबताना तिला एक विचार आला, आणि तो गोड लागला: दोर धरायचा होता तेव्हा तुला जागेवर बसवलं नाही, आता बस.

पट्टी अंगात भिनेपर्यंत मामा तिच्याकडे पाहत राहिला. हात तिच्या डोक्याकडे निघाला होता. तो अर्ध्यात थांबला, तसाच हवेत राहिला. मग आईनं तो धरून त्याच्या मांडीवर ठेवला.

"झ्याक झालं," ठकूबाई म्हणाली, आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास तिनं सोडला की सगुणानं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची हिराबाई ताक मागायला आली आणि दारातच हसू लागली. "अगं बया! ठकू, बुधाचा गणपतीच बसवलास की! आता फुलं वाहायची तेवढी ऱ्हायली."

"वाहा की. भाऊच हाय माझा," ठकूबाई म्हणाली, आणि भावाच्या तोंडात घास भरवू लागली. घास तोंडाशी आला की तो चावायचा. ती भरवायला विसरली तर उघड्या तोंडानं बसून राहायचा.

उरलेल्या पट्ट्या आईकडे देऊन निघताना सगुणानं पाहिलं, ओट्याच्या वाश्याखाली कुंभारणीनं नवं मडकं केलं होतं. लिंपलेलं तोंड अजून ओलं होतं.

*

पुढचा सगळा पावसाळा आई फोनवर एकच सांगायची: ब्येस हाय, गप बसतोय.

दिवाळीनंतर प्रयोगशाळेत 'किल्ली'ची चाचणी होती. आग्यामाशीच्या वासावरून सगुणानंच नाकात घालायचे थेंब केले होते. पट्टी काढल्यावरही विष उतरायला दिवस लागतात, पण थेंबांनी क्षणात वाट मोकळी होते. रसायनात बरेच बदल केले होते, वास तेवढा जुनाच राहिला होता, पिकल्या केळ्याचा.

खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते, स्वखुशीनं पट्टी लावून घेतलेले. सगुणानं पट्टी काढली, थेंब सोडले. त्यांच्या पापण्या फडफडल्या. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःच्या गालावर फाडकन मारलं. मग पुन्हा. मग ते रडू लागले.

"काय झालं, काका?"

"माशी," ते म्हणाले. "डोळ्याच्या कोपऱ्यात बसली होती. हाकलू, हाकलू म्हणत होतो सकाळपासून. हात माझाच होता हो. पण निघतच नव्हता." त्यांनी तिचं मनगट पकडलं. "तुमच्या सिस्टर माझ्यासमोर मला 'भाजी' म्हणत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं, बाई. सगळं."

सगुणा तडक विभागप्रमुख इनामदार मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, ते जागे असतात. आत सगळं कळतं त्यांना."

इनामदार मॅडम चहा ढवळत होत्या. "मग? झोपेचं औषध आहे असं आपण कुठं म्हटलंय?"

"लोकांना तसंच वाटतंय."

"लोकांना बरं वाटतंय, सगुणा. त्यांच्या घरात शांतता आहे. आणि तू का एवढी दचकलीस? तुझ्याच प्रबंधात आहे की. प्रत्येक चाव्याला अळीच्या मज्जातंतूत झटका येतो, तू मोजलेला. ते वाचूनच तर आम्ही तुला इथं घेतलं." त्यांनी कप उचलला. "अळीसाठी रडली नाहीस तेव्हा. आता कोण आहे मडक्यात?"

खोलीत चहाचा वास होता. तिच्या डोळ्यांपुढे हवेत थांबलेला एक हात होता.

*

ती गावी पोचली तेव्हा दुपार कलली होती. मामा ओट्यावर होता, तिनं सोडला होता त्याच बाजेवर. अंगाचं चिपाड झालं होतं. पायावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि घोट्यापाशी कातडी लाल, ओली झाली होती. डोळे उघडे होते. सगुणा समोर आली तसे ते तिच्या चेहऱ्यावर टेकले आणि तिथंच राहिले.

"आये!" तिनं पदरानं मुंग्या झाडल्या. "काय अवस्था केलीस याची!"

ठकूबाई आतून हात पुसत आली. "खातोय, पितोय. आणि काय पायजे त्याला?"

"त्याला सगळं कळतंय. मुंगी चावलेली कळतेय, तू टाकून बोललीस ते कळतंय. फक्त हलता येत नाही. मी पट्टी काढते."

"न्हाई काढायची." ठकूबाई आडवी आली. तिच्या अंगात एवढी ताकद असेल असं सगुणाला वाटलं नव्हतं. "हात तर लाव. माझी शपथ हाय तुला."

"तुझा भाऊ आहे ना तो?"

"तू माझी लेक हाईस!"

"म्हणजे? याचा माझ्याशी काय संबंध?"

ठकूबाई बाजेपुढून हटली नाही. "तूच म्हणायचीस की. माझ्या बापाला मारलंन यानं. पाटावर पेढा ठेवलास तू. आता कुठनं पाझर फुटला? ऱ्हाऊ दे त्याला. आता किती दिस जगतोय!"

"भ्याला असेल तो," सगुणा म्हणाली. "भ्यालेल्या माणसाला एवढी शिक्षा नसते, आये." तिनं आईला बाजूला सारलं, मामाच्या कानामागची पट्टी सोलली. पट्टीबरोबर थोडी कातडी आली. मामाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त एका डोळ्यातून पाणी आलं.

तिनं थेंबांची बाटली उघडली.

वास ओटीभर पसरला. पिकलेल्या केळ्याचा, दाट, गोड.

"झाक ते!" ठकूबाई किंचाळली. तिनं दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून घेतलं आणि ती भिंतीला सरकत खाली बसली. "झाक, झाक ती बाटली! कसला वास आणलास घरात, सटवे!"

सगुणानं मामाच्या नाकात थेंब सोडले होते. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या पोटातून एक आवाज निघाला, खोल, घुसमटलेला. मुठी उघडल्या. आणि ते चिपाड असं उठलं, की बाज मागं कलंडली.

त्यानं आकाशाकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. तरी त्यानं खांद्यावरची घोंगडी ओढली, सगुणाच्या डोक्यावरून टाकली, तिला खाली दाबलं आणि तिच्यावर आपलं सगळं अंग पांघरलं.

काळोख झाला. ओल्या लोकरीचा वास आला.

मामाची छाती तिच्या कानाला लागली होती. त्याच्या पाठीवर न दिसणाऱ्या माशा तुटून पडत होत्या, आणि प्रत्येक दंशागणिक तो शहारत होता. पण वरून हटत नव्हता. उजवा हात मात्र तिच्यावर नव्हता. तो बाजूला मातीवर पडला होता, बोटं ताठ, पसरलेली. नुकतंच काहीतरी सोडून दिलेल्या माणसाचा हात होता तो.

मग छातीतून गाणं आलं. झऱ्यापाशी ऐकू यावं तसं नाही. भिंतीला कान लावून ऐकावं तसं.

"दोर म्हणे हाताला, दादा…" मामा थांबला. धापा टाकल्या. "दादा…"

पुढचं त्याला म्हणवेना.

"मी इथं होते," सगुणा काळोखात म्हणाली. "मी खाली नव्हते, आये. मी वर होते. मामाच्या पाठीशी. हो ना?"

बाहेर ठकूबाईचं रडणं ऐकू येत होतं.

"मला वाचवायला सोडला त्यानं दोर. मग भ्यालो का म्हणाला? का, मामा?"

"माशा तुझ्यावर व्हत्या, पोरी," मामा म्हणाला. त्याचा आवाज बारीक, लाजलेला होता, चोरी कबूल करणाऱ्या मुलासारखा. "आधी तुझ्यावरच आल्या. तुझ्या हातात केळं व्हतं. टाक म्हणलो, तू टाकेनास. कड्यावरल्या देवाच्या निवदाच्या पानावरनं उचललं असशील. लेकराला काय कळतंय. पंचांना सांगितलं असतं तर जल्मभर तुला बापखाऊ म्हणले असते. ठकू म्हणली, दादा, तू भ्यालो म्हण. म्हणलो." त्यानं श्वास घेतला. "न्हाई सांगायचं असं ठरलं व्हतं. हे डोस्कं फिरलं म्हणून… ठकू, मी चुकलो गं. पट्टी लाव परत. मी गप बसंन."

आग्यामाशीच्या वासावर सगुणानं निम्मं आयुष्य घालवलं होतं. तो वास आधी तिच्याच हाताला होता.

घोंगडीच्या फटीतून तिला आई दिसली. ठकूबाई आता रडत नव्हती. भिंतीला टेकून ती भावाच्या पाठीकडे पाहत होती, त्या उजव्या हाताकडे पाहत होती. वाश्याखालच्या मडक्याला मधोमध एक भोक पडलं होतं. आत जे वाढलं ते कधीच उडून गेलं होतं.

"देवाच्या पानावर केळं नव्हतं, दादा," ठकूबाई म्हणाली.

मामा हलला नाही.

"त्या कड्यावर कुणी केळं ठेवतंय व्हय? तुमच्या रितीत बसत न्हाई ते. मला कुणी सांगितलं नव्हतं. पोर रडत व्हती, मामाकडं जायचं म्हणून. मी घरातलं केळं तिच्या हातात दिलं आणि म्हणलं, जा, खात खात जा." तिनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "पोरीसाठी गप बस म्हणले ना मी तुला? पोरीसाठी न्हाई म्हणले, दादा. माझ्यासाठी म्हणले."